बाटली पस्तीस वर्षांची, आता उघडायची कशी?

नाताळ जवळ आला की वाइनचे प्रश्न येतातच, पण यंदा जुन्या रेड वाइनबद्दल बरीच पत्रं आलीत. घरात कुणीतरी कधीतरी दिलेली बाटली पडून आहे आणि आता सगळे जमणार आहेत, असं बहुतेकांचं आहे. पहिल्या पत्राला सविस्तर उत्तर देतेय, कारण त्यात बाकीच्यांचेही निम्मे प्रश्न येऊन जातात.

प्रश्न : नमस्कार ताई. माझे दीर आणि जाऊबाई बरीच वर्षं लीड्सला असतात. त्यांच्याकडे जिन्याखालच्या कपाटात शातो ग्रुओ-लारोज १९९० ची एक बाटली आहे, दिरांच्या साहेबांनी रिटायर होताना दिलेली. पुतणी पण १९९० चीच, म्हणून जपून ठेवली. या डिसेंबरात आम्ही सगळे तिकडे जमतोय, सासूबाईंसकट नऊ जण. दीर म्हणतात बाटली पुढच्या दिवाळीत पुण्याला आणू, तेव्हा सगळं खानदान असेल. जाऊबाई म्हणतात इथेच उघडा. आम्ही दोघं कधीमधी नाशिकची रेड घेतो, पण एवढी जुनी कधीच प्यायलेलो नाही. कुठे उघडावी, तयारी काय करायची, बरोबर जेवायला काय ठेवायचं, आणि खराब निघाली तर ते कळणार कसं?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : जाऊबाईंचं ऐका. तिकडेच उघडा आणि याच नाताळात उघडा.

एवढी वर्षं आडव्या पडलेल्या बाटलीत एका बाजूला गाळ धरलेला असतो. ती बॅगेत घालून विमानाने आणली की गाळ ढवळून सगळ्या वाइनमध्ये मिसळतो, मग नीट खाली बसायला दोन-तीन आठवडे तरी द्यावे लागतात, आणि ते दोन-तीन आठवडे ती पुण्यात ऑक्टोबर हीटमध्ये ठेवणार कुठे? घरातला फ्रीज फार गार असतो आणि दिवसभर उघडझाप चालूच. कस्टमचा प्रश्न नाहीये, दोन लिटरपर्यंत आणता येते. प्रश्न बाटलीच्या तब्येतीचा आहे. शिवाय दिवाळीत जिभेवर चिवडा, चकली, लाडू, चिरोटे, त्या तिखट-गोडाच्या माऱ्यात ही वाइन कुणाला लागणारच नाही. इंग्लंडच्या घरात जिन्याखालची जागा अंधारी असते आणि तिथला उन्हाळाही आपल्यासारखा नसतो, म्हणजे बाटली नशिबाने बऱ्या ठिकाणी राहिलीय. तिला हलवू नका.

आता बाटलीत आहे काय ते बघू, कारण ते कळलं की बाकीचं आपोआप कळतं. ग्रुओ-लारोज हा फ्रान्समध्ये बोर्डोजवळच्या मेदोक भागातला, सँ-ज्युलियाँ गावातला मळा. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी तिथल्या मळ्यांची वर्गवारी केली गेली, तिच्यात तो दुसऱ्या श्रेणीत आहे, आणि ती वर्गवारी आजही जवळजवळ तशीच चालते. द्राक्षं मुख्यतः काबर्ने सोव्हिन्यॉं, सोबत मर्लो आणि थोडी इतर. १९९० चा उन्हाळा तिकडे गरम आणि कोरडा गेला, द्राक्ष छान पिकलं, बोर्डोच्या नावाजलेल्या वर्षांत ते वर्ष धरतात. काबर्नेची साल जाड, त्यामुळे वाइनमध्ये टॅनिन भरपूर. टॅनिन म्हणजे कोरा चहा जास्त उकळला की जिभेवर जो तुरटपणा बसतो ना, तेच. तरुणपणी हे टॅनिन जीभ आवळतं, पण वर्षानुवर्षं ते आणि रंगद्रव्यं एकमेकांना चिकटत जातात, जड होतात आणि खाली बसतात. तोच तुमचा गाळ. म्हणजे तुरटपणा आणि गडद रंग दोन्ही हळूहळू वाइनमधून निघून तळाशी गेलेत आणि वर जे उरलंय ते मऊ, पातळ, वासाला मात्र फार गुंतागुंतीचं.

म्हणून जमलेल्यांना हे आधीच सांगून ठेवा की जुनी म्हणजे कडक नाही. आपल्याकडे जुनी दारू म्हटलं की लोकांना वाटतं जोरदार काहीतरी असणार. हिच्यात अल्कोहोल बहुधा साडेबारा टक्क्यांच्या आसपास असेल, आणि चव नाशिकच्या शिराझपेक्षा कितीतरी हळू बोलणारी. ज्याला हे माहीत नसतं तो एक घोट घेऊन "यात काय एवढं?" म्हणतो आणि ग्लास बाजूला ठेवतो. मला या गोष्टीचं फार वाईट वाटतं, कारण वाइन चांगली असते आणि चुकीची अपेक्षा तिला मारते. पुढची सगळी तयारी, जेवण, ग्लास, वेळ, या एका गोष्टीभोवती करायची की ही वाइन नाजूक आहे.

आधी बाटली उजेडात धरून लेव्हल बघा, पण हलवू नका. बोर्डोच्या बाटलीला खांदे असतात. वाइन मानेच्या तळाशी किंवा खांद्याच्या वरच्या टोकापर्यंत असेल तर या वयाला एकदम ठीक. खांद्याच्या मध्याच्या खाली गेली असेल तर बरीच हवा आत शिरलीय, तरी उघडाच, फक्त आशा थोडी कमी ठेवा. मग जेवणाच्या दोन दिवस आधी बाटली हळूच उभी करून ठेवा म्हणजे गाळ तळाला येईल. त्यानंतर कुणी कौतुकाने उचलून लेबलचे फोटो काढायला लागलं तर प्रेमाने थांबवा. लीड्सला हीटिंग चालू असलेल्या हॉलमध्ये ठेवू नका, गार खोलीत ठेवा. पिताना सोळा ते अठरा डिग्री हवी.

त्या दिवशी एक गोष्ट पाळाच. ज्या खोलीत ही वाइन पिणार तिथे उदबत्ती, धूप, सेंटेड मेणबत्ती काही नको, आणि फोडण्या-बिडण्या आधीच उरकून खिडकी उघडून घ्या. या वाइनचं निम्म्याहून जास्त सुख वासात आहे. ग्लाससुद्धा साबणाचा वास राहणार नाही असे गरम पाण्याने विसळून, कोरडे करून. मोठ्या पोटाचे घ्या.

उघडताना घाई नको. वरचं फॉइल ओठाच्या बरंच खाली कापून पूर्ण काढा, कारण नव्वदच्या सुरुवातीपर्यंत फॉइलमध्ये शिसं वापरायचे. बुचावर काळी बुरशी दिसेल, घाबरू नका, ओल्या कपड्याने बूच आणि बाटलीचा ओठ स्वच्छ पुसून घ्या. आता बूच. पस्तीस वर्षांचं बूच आतून भुसभुशीत असतं, दोन हात वर करणारा तो पंखांचा ओपनर लावलात तर मधोमध भोक पडून त्याचा चुरा होईल. जाऊबाईंना सांगा की दोन पात्यांचा ओपनर आधीच मागवून ठेवा, आह-सो म्हणतात त्याला, तिकडे सहज मिळतो. लांब पातं आधी, मग आखूड, बूच आणि काच यांच्या मध्ये डोलवत डोलवत खाली सरकवायची आणि मग फिरवत वर ओढायचं. तरीही बूच तुटलं किंवा आत पडलं तर काही बिघडत नाही, स्वच्छ मलमलच्या कपड्यातून किंवा बारीक जाळीच्या नव्या गाळणीतून गाळून घ्या. चहाची गाळणी मात्र नको, तिला आलं-वेलचीचा वास असतो आणि तो जात नाही.

मग डिकँट, म्हणजे बाटलीतली वाइन दुसऱ्या काचेच्या भांड्यात, डिकँटरमध्ये, ओतून घेणं. नवीन वाइन हवा लागावी म्हणून तासन्‌तास डिकँटरमध्ये ठेवतात, तसं हिच्या बाबतीत करू नका. हिला फक्त गाळापासून वेगळं करायचंय. बाटलीच्या मानेखाली मोबाइलचा टॉर्च लावा आणि एका दमात, न थांबता, बारीक धारेने ओता. काळसर रेघ मानेकडे सरकताना दिसली की थांबा. तळाचा दोन-तीन चमचे भाग राहू द्या. गाळ विषारी वगैरे नसतो, पण तोंडात कचकच आणि कडवट लागतो. हे सगळं जेवायला बसायच्या अगदी आधी, कारण इतकी जुनी वाइन कधीकधी तासाभरात मावळते. कधी उलट फुलत जाते, ते आधी सांगता येत नाही, म्हणून पहिल्या मिनिटापासून सोबत राहायचं.

नऊ जणांत साडेसातशे मिलीची बाटली, गाळ सोडला तर प्रत्येकी पाऊणशे मिली येईल. पुरेसं आहे. सगळ्यांना एकदमच द्या, थोडं थोडं. फ्रेंच पद्धतीत आधी तरुण वाइन आणि मग जुनी देतात, पण घरच्या जेवणात मी जुनी आधी देईन. सगळे ताजे असतात, जिभेला मसाला लागलेला नसतो, गप्पांचा गोंधळ व्हायचा असतो. सोबतीला एक साधी चांगली नवीन रेड आणून ठेवा, ती नंतर हवी तेवढी प्या.

ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरून बघा, कडेला विटकरी रंग दिसेल. वासात देवदारचं लाकूड, तंबाखूचं पान, चामडं, ओली माती, मशरूम, आणि त्या सगळ्याच्या मागे कुठेतरी सुकलेलं काळं फळ. पहिला वास जरा कुबट आला तर लगेच नाक मुरडू नका, बंद बाटलीतला तो वास दहा-पंधरा मिनिटांत उडून जातो. पंधरा मिनिटांनीही ओल्या पुठ्ठ्याचा, बंद तळघराचा वास तसाच असेल किंवा वाढला असेल तर बुचातून टीसीए नावाचं कुबट वासाचं रसायन लागलंय, ही वाइन गेली. रंग अगदी तपकिरी आणि चव सपाट असेल तर हवेने गेली. व्हिनेगरचा झणका आला तर ते लगेच कळतंच. यातलं काहीही प्यायलं गेलं तरी अपाय नाही, मजा नाही एवढंच.

जेवणाचं. तिखट, चिंच, लिंबू, गोड हे चारही पहिल्या फेरीत नको. मिरची अल्कोहोलची जळजळ वाढवते आणि गोडासमोर कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली वाइन आंबट लागते. बोर्डोवाले कोकरू भाजून खातात, लीड्सला लँब उत्तमच मिळतं, तेव्हा साधं मीठ, मिरी, लसूण लावून रोस्ट करा. पण मला विचाराल तर त्याहून छान एक गोष्ट आपल्या घरातच आहे, अळणी मटण. हळद, मीठ, आलं-लसूण घालून शिजवलेलं, तिखट-मसाला पडायच्या आधीचं, आपण मुलांना आणि आजारी माणसांना वाटीत काढून देतो ते. मऊ मटण, अंगचा रस, त्यावर थोडं तूप. पातेल्यातलं निम्मं अळणी बाजूला काढायचं आणि निम्म्याचा नेहमीचा तांबडा रस्सा करून नंतर भाताबरोबर वाढायचा, म्हणजे कुणाचीच नाराजी नाही. शाकाहारींना लोण्यात परतलेले मशरूम आणि जुनं कोंते किंवा गौडा चीज, पातळ काप करून.

सासूबाईंना वगळू नका. त्या घेत नसतील किंवा गोळ्या चालू असतील तर पिण्याचा आग्रह अजिबात नको, घ्यायची इच्छा असलीच तर आधी डॉक्टरांना विचारून घ्या, पण ग्लास त्यांच्या हातात द्या आणि वास घेऊन काय आठवतं ते सांगायला लावा. ज्यांनी आयुष्यभर निवडलंय, पाखडलंय, मसाले भाजलेत त्यांचं नाक फार तयार असतं, पुस्तकी शब्द नसले तरी नेमकं सांगतात. आणि पहिला ग्लास पुतणीला.

प्रश्न : आमच्या लग्नात २०११ ला मित्राने नाशिकचीच एक शिराझ दिली होती. आठवण म्हणून कपाटात वरच्या कप्प्यात ठेवलीय. आता ती पण जुनी, भारी झाली असेल ना?
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : जुनी झालीय, भारी नाही. आपल्या बहुतेक रेड दोन-चार वर्षांत प्याव्यात अशाच बनवलेल्या असतात आणि त्यात कमीपणा काही नाही, जगातल्या बहुतेक वाइन तशाच असतात. तुमच्या भागात एप्रिलची खरड छाटणी, मग पावसाळ्यानंतरची फळछाटणी आणि जानेवारी ते मार्चमध्ये काढणी, असं उष्ण प्रदेशातलं चक्र आहे, फळ छान पिकतं, वाइन लवकर मोकळी होते. सुलाची रासा, अकलूजच्या फ्रातेलीची सेत्ते, ग्रोव्हरची ला रिझर्व अशा काही वाइन थंड जागी ठेवल्या तर जास्त वर्षं चांगल्या राहतात, पण वरचा कप्पा म्हणजे मे महिन्यात घरातली सगळ्यात गरम जागा. बूच थोडं वर आलंय का, मानेवर चिकट ओघळ आहे का बघा. असेल तर ती उष्णतेने शिजलीय. तरी लग्नाच्या वाढदिवसाला उघडा, अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून एकेक घोट घ्या, लेबल जपून ठेवा. आणि त्याच दिवशी त्याच वाइनरीची ताजी शिराझ आणून शेजारी ओता, चौदा वर्षांत काय बदलतं ते दोन ग्लासांत समोर दिसेल. उरलेली मटणात घालायच्या आधी चाखून बघा, आंबली असेल तर मटणही बिघडेल.

प्रश्न : मडगावला माझ्या मावशीच्या सासरी पोर्तुगालहून आलेली पोर्टची बाटली आहे, वर १९७७ लिहिलंय. नाताळला आम्ही सगळे तिथेच असतो. गोव्यात मिळते तीच पोर्ट का ही? आणि बेबिंकाबरोबर चालेल का?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : दुकानातल्या स्वस्त गोड गोवन पोर्टशी हिचं नाव सोडलं तर नातं नाही. खरी पोर्ट दोरो नदीच्या खोऱ्यातली, द्राक्षरस आंबत असतानाच त्यात द्राक्षाची स्पिरिट घालून आंबणं थांबवतात, त्यामुळे साखर शिल्लक राहते आणि अल्कोहोल वीस टक्क्यांच्या आसपास जातं. म्हणूनच ती गरमीतसुद्धा साध्या रेडपेक्षा जास्त तग धरते.

आता लेबल नीट वाचा. व्हिंटेज असं लिहिलं असेल तर ती लाकडात साधारण दोन वर्षंच राहून बाटलीत आली आणि पुढचं वय बाटलीत वाढलं, आणि १९७७ हे पोर्टचं मोठं वर्ष मानतात. कोल्येइता लिहिलं असेल तर ती किमान सात वर्षं पिंपात राहिलेली, मागे बाटलीत भरल्याचं वर्ष दिलेलं असतं, तिच्यात गाळ फारसा नसतो आणि उघडून सरळ ओतली तरी चालते. व्हिंटेजमध्ये मात्र जाड पापुद्र्यासारखा गाळ असतो, वरच्या उत्तरातली उभी करण्याची, गाळण्याची सगळी पद्धत तिला दुप्पट काळजीने लावा आणि दोन-तीन तास आधी डिकँट करायलाही हरकत नाही. मडगावच्या डिसेंबरात खोलीचं तापमान हिला जास्तच होतं, ओतायच्या आधी थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवा.

बेबिंका? जरूर. गोडाला गोड वाइन लागते, इथे ते जमतं. दोदोलपण चालेल, अक्रोड आणि खारट चीज तर फारच छान. ग्लास लहान घ्या, मावशींच्या घरातल्या सगळ्यांना पुरेल.

प्रश्न : मुलगा १९९२ चा. पुढच्या नाताळात तो आणि सून जर्मनीहून येतील, त्याच्या जन्मवर्षाची बोर्डो मागवावी म्हणतोय. कुठली घेऊ?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : बोर्डो नको. १९९१ ला तिकडे एप्रिलमध्ये कडक दव गोठून कोंब जळाले आणि १९९२ पावसात गेलं, त्या वर्षांच्या बहुतेक रेड कधीच उतरणीला लागल्यात, नाव कितीही मोठं असलं तरी. जन्मवर्षच हवं असेल तर १९९२ ची व्हिंटेज पोर्ट शोधा, टेलर आणि फोन्सेका या पोर्ट बनवणाऱ्या दोन्ही घरांनी ते वर्ष व्हिंटेज म्हणून जाहीर केलं होतं. ती मुलालाच जर्मनीत एखाद्या जुन्या, साठवणीची खात्री देणाऱ्या दुकानातून घ्यायला सांगा. घेताना दुकानदाराला विचारायचं ते एकच, इतकी वर्षं ही बाटली ठेवली कुठे होती? नीट उत्तर मिळालं नाही तर किंमत कितीही कमी असो, घेऊ नये. आणि ती इकडे आणण्यापेक्षा तिकडेच, सुनेच्या माहेरच्यांबरोबर उघडली तर मला जास्त आवडेल. ते नसेलच जमत, तर मुलाला निदान दोन-तीन आठवडे आधी यायला सांगा आणि आल्या आल्या बाटली बॅगेतून काढून घरातल्या सगळ्यात गार, अंधाऱ्या कोपऱ्यात उभी करून ठेवा.